जळून उरलेला गिल

अनेक माध्यमांत वावरणारे कलावंत, हा यंदाच्या अंकाचा विषय. अमरावती-अकोल्याच्या बाजूनं या विषयाकडे पाहायचं तर ज्याच्यापासून सुरुवात करावी तो माणूस वऱ्हाडात जन्मला नव्हता, मराठी त्याची मायबोली नव्हती, आणि त्याचं नाव घेतलं की लोकांना आधी अजिंठा आठवतो. मेजर रॉबर्ट गिल. जन्म १८०४ चा, लंडनचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतला अधिकारी. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं उतरवून घेण्याच्या कामावर १८४४ साली त्याची नेमणूक झाली. १८७९ मध्ये भुसावळच्या वाटेवर त्यानं प्राण सोडला, तोवर उणीपुरी पस्तीस वर्षं त्याचं जगणं याच डोंगररांगेशी बांधलेलं होतं. त्याची कबर भुसावळला आहे.

महाराष्ट्रात गिलच्या दोन कथा चालतात. पहिली पारोची, त्याच्या अजिंठ्यातल्या सहचरीची. अजिंठा गावात तिची कबर आहे, तीवर २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख आणि गिलचा जिव्हाळ्याचा लेख कोरलेला आहे. ना. धों. महानोरांनी या नात्यावर ‘अजिंठा’ ही दीर्घ कविता लिहिली, तिच्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये चित्रपट काढला, आणि गिल घराघरांत पोचला. दुसरी कथा आगीची. वर्षानुवर्षं खपून केलेली त्याची भव्य तैलचित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या डिसेंबरात जळून खाक झाली. एक कथा माणूस गेल्याची, दुसरी काम गेल्याची. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही मनाला चटका लावतात. पण त्यांतून उभा राहणारा गिल हा फक्त गमावणारा गिल आहे. त्याच्या हातून उरलं काय, हे कुणी विचारत नाही.

उरलं ते कॅमेऱ्याचं. वयाच्या पन्नाशीनंतर या माणसानं कुंचल्याच्या जोडीला भिंगं आणि काचा घेतल्या, आणि त्यातून जे निघालं ते आगीतून वाचलं. त्यातला काही भाग आपल्या वऱ्हाडातला, लोणारचा आहे. गिलनं माध्यम बदललं हा त्याच्या आयुष्यातला फाटा नव्हता, तोच मुख्य रस्ता होता असं माझं म्हणणं आहे. ते पटवायचं तर आधी त्याच्या चित्रकलेचं नेमकं काम काय होतं ते पाहायला हवं.

भिंतीवरून कापडावर

लेणी इंग्रजांच्या नजरेस आली १८१९ मध्ये, शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथमुळे. पुढची पंचवीस वर्षं हौशी साहेब येत राहिले. कुणी भिंतीवर नाव कोरलं, कुणी रंगीत पोपडा खरवडून आठवण म्हणून नेला. जेम्स फर्ग्युसन हा वास्तुकलेचा अभ्यासक. त्यानं १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रं नाहीशी होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असा आग्रह धरला. सोसायटीनं कंपनीच्या संचालकांकडे शब्द टाकला आणि मद्रास फौजेतून चित्रकला येणारा एक कॅप्टन निवडला गेला. गिलची कला अशी सरकारी हुकमानं कामाला लागली.

काम ऐकायला सरळ आहे, भिंतीवर आहे ते कापडावर आणायचं. प्रत्यक्षात अजिंठ्याची भिंत म्हणजे दगडावर चढवलेला मातीचा गिलावा. त्यात शेण, भाताचा कोंडा, तूस कालवलेलं, वर चुन्याचा पातळ हात, आणि त्या कोरड्या पृष्ठावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात घोटलेले खनिज रंग. ओल सुटली की गिलावा दगडापासून सुटतो आणि पोपड्यानं गळतो. सोळा आणि सतरा क्रमांकाच्या लेण्यांत चित्र भिंतभर पसरलेलं असतं, एका कथेतून दुसरी कथा चौकट न घेता सुरू होते, आणि मध्येच हातभर मोकळा दगड दिसतो. नकलाकारापुढे प्रश्न पडतो की ही गळालेली जागा मोकळी ठेवायची की भरायची. त्यात लेणी वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखी पसरलेली, त्यामुळे प्रत्येक लेण्याची उजेडाची वेळ वेगळी. एका लेण्यात सकाळी दोन तास बरं दिसतं, दुसऱ्यात तिसऱ्या प्रहरी. बाकीचा वेळ अंधार, वटवाघळं, आग्या मोहळं. कॅनव्हास आणि तैलरंग यायचे समुद्रापलीकडून, आणि ते घाट चढून वर पोचेपर्यंत ऋतू बदललेला असायचा.

या परिस्थितीत त्यानं सुमारे तीसेक मोठे कॅनव्हास पुरे केले. ते टप्प्याटप्प्यानं लंडनला गेले आणि सायडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले गेले. आगीतून वाचली ती हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच, कारण ती तेव्हा तिथं टांगलेली नव्हती. आज ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जळालेल्यांपैकी काहींची कल्पना येते ती मिसेस स्पिअर यांच्या १८५६ सालच्या पुस्तकातल्या लाकडी ठशांवरून. गिलच्या चित्रांवरून जॉर्ज शार्फनं काढलेल्या त्या आकृत्या. रंग गेलेले, आकार घटलेला, पण छापील.

यातला ‘छापील’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गिलनंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला आले. १८७२ ते १८८५ हे त्यांच्या नकलांचं काम चाललं, पेस्तनजी बोमनजी त्यांतले एक प्रमुख हात. त्यांचीही चित्रं लंडनला गेली आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतली बरीच जळाली. एकाच लेण्यांच्या नकलांवर वीस वर्षांच्या आत दोनदा आग कोसळावी, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. कॅनव्हास एकच असतो. तो जिथं ठेवला तिथल्या छपराचं, दिव्यांचं, चौकीदाराचं नशीब त्याच्या कपाळी येतं. ग्रिफिथ्सचं काम आज हाती लागतं ते मुख्यतः १८९६ मध्ये त्यांनी दोन खंडांत छापून काढलं म्हणून. म्हणजे जतन करण्यासाठी केलेली नक्कलच जर एकुलती एक असेल, तर जतनाचं ओझं फक्त अजिंठ्याच्या भिंतीवरून लंडनच्या भिंतीवर सरकतं.

ईथर उकळतं त्या मुलखात

१८५६ च्या सुमाराला गिलकडे कॅमेरा आला. त्या काळात छायाचित्रणाची चालती पद्धत होती ओल्या कोलोडियनची, आणि तिच्या मुळाशी कापूस आहे. रुई गंधकाम्ल आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात भिजवली की ती स्फोटक होते. ती धुऊन, वाळवून ईथर आणि मद्यार्कात विरघळवली की मधासारखा दाट द्रव तयार होतो, तेच कोलोडियन. ज्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, खामगाव-अकोला-अमरावतीच्या बाजारांत गाड्यांची रीघ लागली, त्याच काळात जगभरचे छायाचित्रकार रुईच्या या रसावर चित्रं धरत होते. वऱ्हाडच्या लेखकाला हा धागा दिसल्यावर सोडवत नाही.

या पद्धतीत सवड नसते. तंबूत किंवा काळ्या कापडाच्या आडोशाला काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर कोलोडियन ओतून चारी कोपऱ्यांपर्यंत एकसारखं फिरवायचं, चांदीच्या नायट्रेटच्या पाण्यात बुडवायचं, थेंब गळत असतानाच बंद चौकटीत घालून कॅमेऱ्याशी न्यायचं, प्रकाश द्यायचा आणि काच सुकायच्या आत परत तंबूत येऊन चित्र उमटवायचं. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांत. इंग्लंडच्या दमट हवेत ठरलेला हा हिशेब इथं कोलमडतो. ईथर साधारण पस्तीस अंशाला उकळतं आणि अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस ओलांडतो. मार्च सरला की कोलोडियन काचेवर पसरायच्या आधीच त्याला सुरकुत्या पडणार, बाटलीचं बूच उडणार, काच वाळून तिच्यावर जाळी धरणार. पावसाळ्यात घाटातल्या वाटा बंद. उरतात ते हिवाळ्याचे महिने, पऱ्हाटी वेचणीला आलेली असते तेव्हाचे. शिवाय प्रत्येक काच धुवायला स्वच्छ पाणी लागतं आणि ते खालून नदीवरून वर आणावं लागतं. पाणी वाहणारे, पेट्या उचलणारे, तंबू धरणारे हात इथल्याच गावांतले असणार. या छायाचित्रांचं पुढे पुस्तक निघालं, त्याच्या मुखपृष्ठावर छायाचित्रकार म्हणून गिलचं आणि लेखक म्हणून फर्ग्युसनचं नाव आहे. बाकीच्यांची नावं छापली गेली नाहीत, याची खंत वाटते.

वरच्या तपशिलाचं कारण असं की गिलनं कॅमेरा सोय म्हणून उचलला, असा एक समज आहे. चित्र काढायला महिने लागतात, कॅमेरा मिनिटात काम करतो, म्हातारपणी माणूस सोप्याकडे वळला, इतकी साधी ती समजूत. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं रसायनशास्त्र नव्यानं शिकावं, भट्टीसारख्या हवेत विषारी वाफांच्या तंबूत वाकून बसावं, यात सोपं काही नाही. कुंचला वीस वर्षं पुरवून वापरता येतो. काच मात्र चुकली की पुसून पुन्हा पहिल्यापासून.

दोन भिंगांची निवड

गिलनं कॅमेरा निवडला तोही विशिष्ट. त्याचं बरंच काम स्टिरिओस्कोपचं आहे. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला वस्तू किंचित वेगळी दिसते आणि मेंदू त्या फरकावरून खोली ओळखतो. दोन भिंगांचा कॅमेरा तशीच दोन दृश्यं टिपतो. ती दोन चित्रं शेजारी शेजारी चिकटवून खास दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की सपाट कागदात पोकळी उघडते. त्या काळी युरोपच्या दिवाणखान्यांत हे मोठं करमणुकीचं साधन होतं, आणि त्यामुळेच कलेच्या इतिहासकारांनी स्टिरिओ चित्रांना बराच काळ खेळणं मानलं.

लेण्यापुरतं बोलायचं तर हे माध्यम नेमकं बसतं. देऊळ दगडावर दगड रचून उभं राहतं, लेणं दगड काढून टाकून. लेण्याची सगळी कला मोकळ्या केलेल्या जागेत असते. खांबामागे खांब, त्यामागे अंधारलेली पडवी, तिच्या टोकाला गाभाऱ्यातला बसलेला बुद्ध. सपाट चित्रात हे सगळं एकमेकांवर चिकटतं. समोरचा खांब आणि तीस फुटांवरचा खांब एकाच पातळीत येतात, आणि लेणं ही कोरलेली खोली आहे हे पाहणाऱ्याला सांगावं लागतं. दोन भिंगांच्या चित्रात ते सांगावं लागत नाही. जो माणूस दहा-बारा वर्षं या खोल्यांत उजेडाच्या तासांची वाट पाहत बसला होता, त्याला भिंतीवरचं चित्र कापडावर येतं पण लेण्याची पोकळी येत नाही, हे कुणापेक्षाही आधी कळलेलं असणार. म्हणून स्टिरिओची निवड मला चित्रकाराचीच निवड वाटते. कुंचला जिथं थकला तिथून पुढचं हत्यार.

१८६४ मध्ये लंडनला त्याची दोन पुस्तकं निघाली. एक भारतातल्या शैलमंदिरांवरचं, त्यात त्यानं जागेवर घेतलेली चौऱ्याहत्तर छायाचित्रं आणि फर्ग्युसनचं विवरण. दुसरं पश्चिम भारतातल्या वास्तू आणि प्राणिसृष्टी यांवरचं, शंभर स्टिरिओ चित्रांचं. तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. पुस्तकं १८६४ ची, आग १८६६ ची. क्रिस्टल पॅलेस पेटला तेव्हा गिलची छायाचित्रं आधीच अनेक प्रतींमध्ये वेगवेगळ्या घरांत, ग्रंथालयांत, संग्रहांत जाऊन बसली होती. कुठली एक आग ती सगळी गिळू शकत नव्हती. हेतू असो वा नसो, परिणाम हा आहे.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. छायाचित्रांनी जळालेल्या चित्रांची जागा भरून काढली नाही. त्या काळच्या कॅमेऱ्याला रंग दिसत नव्हते, आणि अजिंठ्याच्या भिंतींवरचे गेरू, हिरवा, अफगाणिस्तानातून आलेल्या दगडाचा निळा हेच तर त्या चित्रांचं प्राणतत्त्व. अंधाऱ्या भिंतीवरचं चित्र ओल्या काचेवर धरणंही फार अवघड. गिलच्या छायाचित्रांचं बळ शिल्प आणि वास्तूत आहे, भित्तिचित्रांत नाही. १८४० च्या दशकात त्या भिंतींवर जे दिसत होतं आणि पुढे गळून गेलं, त्यातलं पुष्कळसं कायमचं गेलं. तरी या कबुलीनं मूळ मुद्दा ढिला पडत नाही. एका माध्यमानं रंग धरला पण टिकला नाही, दुसऱ्यानं खोली धरली आणि टिकली. दोन्ही एकाच माणसानं केली म्हणून निदान एक तरी उरली.

बालाघाटावर, लोणारला

अजिंठ्याचा डोंगर पूर्वेकडे सरकतो तो बुलडाण्याच्या अंगानं वऱ्हाडात शिरतो. डोंगराच्या वरचा मुलूख तो बालाघाट, खालचा काळ्या मातीचा पूर्णेच्या खोऱ्यातला तो पायनघाट, अशी वऱ्हाडची जुनी वाटणी. अकोला आणि अमरावती पायनघाटात, लोणार-मेहकर बालाघाटावर. अजिंठा निजामाच्या हद्दीत, आणि वऱ्हाडही तसं निजामाचंच. पण १८५३ च्या करारानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी आपल्याकडे घेतला होता. पूर्व वऱ्हाडाचा अमरावतीहून आणि पश्चिम वऱ्हाडाचा अकोल्याहून तो चालायचा. १८६७ पर्यंत रेल्वे भुसावळहून बडनेरामार्गे नागपूरला पोचली. म्हणजे गिलच्या अखेरच्या पंधरा-वीस वर्षांत हा मुलूख साहेबाच्या नकाशात ठळक होत गेला. कापसासाठी तर होताच, पण गॅझेटिअरसाठीही होता. आल्फ्रेड लायल यानं संपादलेलं वऱ्हाडचं गॅझेटिअर १८७० मध्ये छापलं गेलं. देवळं, मशिदी, किल्ले यांची मोजदाद सुरू झाली होती, आणि मोजदादीला चित्रं लागतात.

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची गिलनं छायाचित्रं घेतली आहेत. लोणार म्हटलं की आपण सरोवराकडे धावतो. व्यास पावणेदोन ते दोन किलोमीटरचा, काळ्या बसाल्टात उल्का आदळून झालेला हा खड्डा. गिलच्या काळात त्याला विझलेल्या ज्वालामुखीचं मुख समजत. उल्केवर शिक्कामोर्तब व्हायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. पण गाठीला कॅमेरा असलेल्या शिल्पवेड्या माणसाला गावातलं देऊळ चुकवता आलं नसतं.

देऊळ पाहताना पहिल्यांदा लक्षात येते ती त्याची बाहेरची भिंत. ती सरळ जातच नाही. चांदणीच्या कोनांसारखी आत-बाहेर, आत-बाहेर मुडपत जाते. प्रत्येक मोडीवर मूर्ती, मूर्तीखाली थर, थरांखाली पुन्हा थर. सकाळचं ऊन एका बाजूच्या पाकळ्यांवर पडतं तेव्हा शेजारच्या घडीत अंधार असतो, आणि तासाभरानं उजेड-अंधाराची अदलाबदल झालेली असते. मूर्तीचं कोरीव काम वाचायचं तर ऊन तिरपं हवं. डोक्यावर आलेल्या उन्हात सगळं सपाट होऊन जातं. आत मंडपाच्या छतावर पुराणकथांचे शिल्पपट आहेत, आणि गाभाऱ्यात लवणासुराला पायाखाली घेतलेला विष्णू. छत पाहायला आजही मान मागे टाकून विजेरी फिरवावी लागते. बाहेरून मात्र सगळी भाषा सावल्यांची आहे. अशा भिंतीपुढे कॅमेरा कुठं ठेवायचा आणि किती वाजता, याचं उत्तर यंत्रशास्त्रात मिळत नाही. ते चित्र काढणाऱ्याच्या सवयीतून येतं. छायाप्रकाशानं आकार कसा फुगतो हे ज्यानं वर्षानुवर्षं हातानं रंगवलं, त्याला ते उपजत असतं. गिलमधला छायाचित्रकार चित्रकारामुळे उभा आहे, असं म्हणायला लोणारची भिंत पुरेसा पुरावा आहे.

या छायाचित्रांचं आजचं मोल वेगळंच आहे. हेन्री कझन्सचं दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचं पुस्तक १९३१ चं. लोणार, बार्शीटाकळी, साकेगाव, शिरपूर अशी वऱ्हाडातली देवळं त्यात आली आहेत, आराखड्यांसह. गिल त्याच्या किती तरी आधीचा. आज देवळाची डागडुजी करणाऱ्याला विचारायचं असतं की हा दगड मूळचा की नंतर बसवलेला, ही मूर्ती इथलीच की पडझडीनंतर उचलून इथं ठेवलेली. दीडशे वर्षांपूर्वीची एक स्पष्ट काच या प्रश्नाला जे उत्तर देते ते कुठलंही वर्णन देऊ शकत नाही. तैलचित्रही देऊ शकत नाही, कारण चित्रकार मोकळी जागा भरतो की नाही, हा संशय कायम राहतो.

एक ना धड

एवढ्यावर हरकती निघतील, आणि त्या निघाव्यात. पहिली हरकत सगळ्यांत जुनी आहे: गिल हा नकलाकार, त्याचं स्वतःचं असं काय? अजिंठ्याचे अनाम चितारी आणि लोणारचे शिल्पी मोठे, यानं फक्त उतरवलं. यात तथ्य आहे, आणि मूळच्या कारागिरांना गिलच्या ओळीत बसवण्याचा प्रश्नच नाही. पण नक्कल करणं म्हणजे काही न करणं, हे खरं नाही. कुठली भिंत निवडायची, गळालेल्या जागेचं काय करायचं, खांब कुठल्या कोनातून धरायचा, हे सगळे निर्णय कलेतलेच आहेत. आपल्याकडे तर पोथीचा लेखनिक, मूर्तीचा साचा उतरवणारा, लेझीमचा ठेका पुढच्या पिढीला देणारा यांना परंपरेचे वाहक मानण्याची रीत आहे. गिलला तेवढं दिलं तरी पुरे.

दुसरी हरकत अधिक जड आहे. तो राज्यकर्त्यांचा नोकर होता, चित्रं त्यानं लंडनसाठी काढली, आणि ती लंडनलाच जळाली किंवा उरली. शिवाय गिलपासून ग्रिफिथ्सपर्यंतच्या नकलाकारांनी मूळ चित्रं उठून दिसावीत म्हणून त्यांवर वार्निश चढवलं, असा ठपका आहे. ते पिवळं पडलं, आक्रसलं आणि रंगाला सोबत घेऊन सुटू लागलं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ आणून त्या भिंतींवर उपचार केले. तो ठपका बाजूला सारता येणार नाही. नेमक्या याच कारणासाठी मला त्याचं माध्यम बदलणं मोलाचं वाटतं. कॅमेरा भिंतीला हात लावत नाही. वार्निश नको, मागाहून पुसणं नको. नकलेमुळे मूळ वस्तूला इजा होत नाही, असं पहिलं साधन त्याच्या हाती आलं ते हे.

तिसरी हरकत खास आपल्या बोलण्यातली: एक ना धड, भाराभर चिंध्या. सैनिक, चित्रकार, छायाचित्रकार, शिवाय पट्टीचा शिकारी. त्यानं दीडशे वाघ मारले असं सांगतात, आणि त्या कीर्तीची आज कुणालाही वाटावी तेवढी लाज वाटायला हरकत नाही. इतक्या ठिकाणी विखुरलेला माणूस कशात पुरा पोचला? मला वाटतं ही म्हण इथं लागू होत नाही, कारण चिंध्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. गिलची कामं जोडलेली आहेत. फौजेनं त्याला मुलूख तुडवण्याची सवय दिली, शिकारीनं डोंगरातल्या वाटा आणि तिथले लोक दाखवले, चित्रकलेनं उजेड वाचायला शिकवलं, आणि या तिन्हींची शिदोरी कॅमेऱ्याच्या कामाला आली. विषय तर कधी बदललाच नाही. पस्तीस वर्षं दगडात कोरलेल्या वास्तू, हाच त्याचा विषय. हत्यारं बदलत गेली.

अमरावती-अकोल्याची रीत

वऱ्हाडाला हे नवं वाटू नये. मुंबईत कलावंताला एका गोष्टीत मुरण्याची चैन परवडते, कारण तिथं दालनं आहेत, गिऱ्हाईक आहे, समीक्षक आहे. जिल्ह्याच्या गावात असं नसतं. फ्लेक्स यायच्या आधीचं अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या पेंटरचं आयुष्य पाहा. वर्षभर दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर, निवडणुकीला भिंती, पोळ्याच्या आधी बैलांच्या मातीच्या जोड्या रंगवणं, गणपती-शारदेला मंडपाची आरास, शाळेच्या स्नेहसंमेलनाला पडदा, आणि वर्षातून एखादं स्वतःसाठी काढलेलं चित्र. फ्लेक्स आला तेव्हा पाट्यांचं काम एका झटक्यात बसलं. जे टिकले ते संगणकावर बसून अक्षरं जुळवायला शिकले किंवा शाळांच्या भिंतींवर अवयवांचे आणि नकाशांचे तक्ते रंगवू लागले. याला कुणी बहुमाध्यमी कला म्हणत नाही, धंदा बदलला म्हणतात. हात मात्र तोच असतो, अक्षराचं वळण आणि रंगाचा अंदाज तोच. उजेड पाहून पडदा रंगवणारा माणूस फ्लेक्सवरचा कर्कश पिवळा पाहून आजही कासावीस होतो.

लेखणीच्या बाजूनं याच गोष्टीचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण अमरावतीत आहे. वसंत आबाजी डहाके कवी आहेत, कादंबरीकार, समीक्षक, कोशकार आहेत, आणि चित्रकारही आहेत. ‘चित्रलिपी’ या संग्रहाला २००९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि त्याचं नावच दोन कलांच्या सांध्यावर उभं आहे. २०१२ च्या चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. तरी त्यांच्या चित्रांबद्दल बोलताना मराठी वाचक ‘कवीची चित्रं’ म्हणतो, जणू ती कवितेच्या सुटीच्या दिवशी काढलेली असावीत. गिलच्या छायाचित्रांना ‘चित्रकाराची छायाचित्रं’ म्हणून बाजूला ठेवलं गेलं त्याच्याशी हे मिळतंजुळतं आहे. एका माणसाला एकच खातं उघडून द्यायचं आणि दुसऱ्या खात्यातली जमा मोजायचीच नाही, ही आपली जुनी खोड.

गिलच्या खात्यातली वऱ्हाडची जमा तरी आता मोजता येईल. त्याच्या स्टिरिओ चित्रांच्या प्रती लंडनच्या संग्रहांत आहेत, आणि जुनी छायाचित्रं आता घरबसल्या पडद्यावर पाहता येऊ लागली आहेत. अमरावती विद्यापीठाच्या परिसरात इतिहास शिकणारी मुलं आहेत, दोन्ही शहरांत उत्तम छायाचित्रकार आहेत. त्यांनी एकत्र येऊन दैत्यसूदन मंदिराचं गिलनं घेतलेलं एकेक दृश्य पुन्हा टिपावं. काम अवघड नाही, पण चिकाटीचं आहे. जुन्या चित्रात पुढच्या पाकळीची कड मागच्या पाकळीला कुठं झाकते ते पाहायचं. तिपाई दोन बोटं डावी-उजवी केली की ती कड सरकते, म्हणून ती जुळेपर्यंत हलत राहायचं. तसं जुळलं की कॅमेरा गिलच्या कॅमेऱ्याच्या जागी आला. मग सावलीवरून तास आणि ऋतू काढायचा आणि त्या ऋतूत, त्या तासाला यायचं, बहुधा डिसेंबर-जानेवारीत. दोन चित्रं एकावर एक ठेवली की कुठला थर ढासळला, कुठल्या मूर्तीचा हात तेव्हाच तुटलेला होता, कुठल्या दगडावर नंतर सिमेंट चढलं, हे नोंदवहीत एकेका ओळीनं लिहिता येतं. दुरुस्तीचा आराखडा करणाऱ्या अभियंत्यानं सुरुवात त्या वहीपासून करावी.